वारा असेल तर जड गोळी

माझा नवरा ऑर्डेल ब्रेंडेन फार थोड्या बाबतींत हुशार आहे, आणि त्यातली एक म्हणजे काडतुसं. हे मी त्याच्या तोंडावरही म्हणते. लोकर कधी विकावी हे त्याला कधी कळलं नाही, ट्रॅक्टर त्याच्या हाताला दाद देत नाही, आणि आमच्या लेकीच्या, जोलीनच्या, लग्नात तो दोन वेगवेगळे बूट घालून उभा होता. पण कोणत्या जनावराला, किती लांबून, कोणती गोळी, हे हेली फ्लॅटच्या आसपास तीस मैलांत त्याच्याइतकं कोणाला कळत नाही असं सगळे धरून चालतात. तो तर चालतोच.

सकाळी मेंढ्यांचं आटोपलं की तो गावात कॉफीला जातो. खिडकीजवळच्या टेबलापाशी त्याची खुर्ची ठरलेली. तिथे कोणीतरी येतं, टोपी मागे सरकवतं आणि अंगणात कोयोट यायला लागलाय, काय वापरू, असं विचारतं. ऑर्डेल लगेच उत्तर देत नाही. आधी कॉफीत साखर ढवळतो. मग विचारतो, किती लांबून मारणार, तुझ्याकडे वारा किती असतो, आणि कातडं विकायचंय का? कातडं विकायचं असेल तर लहान, वेगवान गोळी, म्हणजे आत शिरते आणि बाहेर मोठं भोक पाडत नाही. नुसता बंदोबस्त करायचा असेल तर गोष्ट वेगळी. शेताला बिळं पाडणाऱ्या प्रेअरी डॉग नावाच्या खारींसाठी तर त्याहून बारीक काडतूस, कारण दिवसाला शंभर बार काढले तरी खांदा दुखत नाही. शाळेवर नव्यानं आलेल्या एका मास्तरीणबाईंनी ओट्याखाली राहायला आलेल्या, दुर्गंधी सोडणाऱ्या स्कंकसाठी काडतूस विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, त्याला काडतूस नको. आठवडाभर बहिणीकडे जा, तो आपणहून कंटाळेल." त्या खरंच गेल्या, आणि तो खरंच कंटाळला.

लोकांना सल्ला हा असा, जनावर आणि अंतर पाहून. स्वतःच्या बाबतीत मात्र एकच मंत्र: वारा असेल तर जड गोळी. आणि आमच्याकडे वारा नसतो कधी? त्याची दोनशे सत्तर मापाची रायफल हरणालाही तीच, कोयोटलाही तीच. तिचा आवाज ऐकून माझ्या कपाटातल्या बशा हलायच्या. बेचाळीस वर्षांत त्यानं दुसऱ्या बंदुकीला हात लावला नव्हता.

माझी बंदूक दोनशे तेवीस मापाची. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी दिलेली. काडतूस त्याच्या काडतुसाच्या निम्म्याहून लहान, धक्का जवळजवळ नाही, आणि आवाजही बेताचा. ऑर्डेल तिला मर्नाचं, म्हणजे माझं, शिलाई मशीन म्हणतो. पाहुण्यांसमोर म्हणतो, पाद्रीबुवांसमोर म्हणतो. मी त्या मशीननं कोंबड्यांच्या खुराड्यामागे किती कोयोट शिवले ते तो पाहुण्यांना सांगत नाही.

कोयोट म्हणजे इथला कोल्हाच, पण पायांनी उंच, आणि अकलेनं तर फारच. चारशे मेंढ्या आणि मे महिन्यात त्यांची कोकरं, म्हणजे घळीतल्या मादीला पिलांसाठी वाढून ठेवलेलं ताट. तिच्या जातीशी ऑर्डेलचं वैर वाडवडिलांपासूनचं. मेंढ्या त्याच्या आजोबांनी आणल्या, वडिलांनी वाढवल्या आणि यानं राखल्या. त्यामुळे आमच्या घरात राखणे हा शब्द फार वजनदार आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात एका मेंढ्यानं त्याला पाठीमागून असा तडाखा दिला की तो फाटकावर जाऊन आदळला. उजवा खांदा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर तरणा होता, पण त्याचं घर शेतावरचंच असावं, कारण त्यानं नीट भाषेत सांगितलं: "दोनशे सत्तर विसरा, ब्रेंडेन. पहिल्या बारालाच मी शिवलेलं सगळं उसवेल."

घरी येताना गाडीत ऑर्डेल सत्तर मैल बोलला नाही. सत्तर मैल संपल्यावर म्हणाला, "शिवलेलं म्हणाला तो."

"हो."

"सगळ्यांना आजकाल शिवणकामच सुचतं."

हसू आलं मला, पण मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

आता माझ्याकडची गोष्ट सांगते, कारण ती लपवली तर पुढचं कळणार नाही. मला घर हवं होतं. स्पिअरफिश गावात, जोलीनच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, मागे ओढा असलेलं, एकमजली, पिवळ्या दाराचं. जोलीननं फोटो पाठवले होते. चाळीस वर्षं मी मे महिन्यात पायांत ओले बूट आणि काखेत गारठलेलं कोकरू घेऊन फिरले, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही, पण एखादा मे महिना मला ओट्यावर बसून काढायचा होता. ऑर्डेलला हे ठाऊक होतं. ईस्टरच्या जेवणाला त्यानंच विषय काढला. लेफ्सेवर, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीवर, लोणी फासता फासता म्हणाला, "हा एक हंगाम बघतो. मेंढ्या राखता येत नसतील तर माणसानं त्या ठेवू नयेत."

शेजारचा व्हर्लिन टाईस जेवायला होता. त्याच्याकडे गाई, त्यामुळे मेंढ्यांबद्दल त्याला बोलायला आवडतं. "अरे, मी येत जाईन की पहाटे. मारून देतो तुझे कोयोट."

"तू आधी तुझ्या परसातला ससा मार," ऑर्डेल म्हणाला. "तीन वर्षं कोबी खातोय तो. आता नावानं हाक मारली तर येत असेल."

व्हर्लिननं पुन्हा विषय काढला नाही. मी मारू का, असं मीही एकदा विचारलं. नको म्हणाला. खरं सांगायचं तर मी फार आग्रह धरला नाही.

मे उजाडला आणि कोकरं जायला लागली. रोज एक, कधी दोन. पंधरा तारखेपर्यंत एकोणीस गेली. फासे लावून कोयोट धरणारा सरकारी फासेवाला येऊन गेला, पण त्याच्या माथी अर्धा जिल्हा. मग एके दिवशी ऑर्डेल खांदा दाखवायला म्हणून एकटाच शहरात, रॅपिड सिटीला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातली माझी बंदूक जागेवर नव्हती. माझा काडतुसांचा डबा मात्र होता तसाच, हात न लावलेला. मला वाटलं, जुनी काडतुसं त्याच्याकडे कुठेतरी पडलेली असतील. मी काहीच बोलले नाही. ज्या माणसानं बेचाळीस वर्षं शिलाई मशीन म्हटलं त्याला ते खांद्याला लावावं लागतंय, हे त्याला पुरेसं होतं.

घळीकडून तीन दिवस माझ्याच बंदुकीचा आवाज येत राहिला. पहिल्या दिवशी तो येऊन म्हणाला, "लांब होती." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ऊन डोळ्यांवर होतं." तिसऱ्या दिवशी दुपारी घराच्या मागच्या बांधाकडून सात बार ओळीनं ऐकू आले. म्हणजे तो कागदावर नेम तपासत होता. त्यानंतर आत आला, हात धुवायला लागला, आणि नळ चालू ठेवूनच म्हणाला:

"मर्ना, मॉन्टानाच्या त्या मेंढ्या विकत घेणाऱ्या माणसाला शनिवारी बोलव. मेंढ्या बघू दे त्याला."

"का रे?"

"माझं संपलं. डोळा म्हण, हात म्हण. शंभर यार्डांवर वर्तुळ लागत नाही मला. काल ती मादी माझ्याकडे बघत बसली होती. दोन बार काढले तरी बसली होती." मग त्यानं नळ बंद केला. "आमच्या घराण्यातल्या कोणाची भीती कुठल्या कोयोटनं एवढी सोडली नव्हती."

मी बरं म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्याच्या पाठीकडे बघून वाईटही वाटत होतं आणि मनात पिवळ्या दाराला शोभतील असे पडदेही शिवून होत होते. दोन्ही एकदम झालं. मी मॉन्टानाला फोन केला. शनिवारी दहा वाजता येतो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी धुणं काढलं. त्याच्या जाकिटाचे खिसे मी नेहमी तपासते, कारण त्यात खिळे निघतात. या वेळी निघाली एक कागदी ताटली, चौघडी घातलेली. मधोमध पेनानं काढलेलं वर्तुळ, म्हणजे तीच ती तपासणी. उलगडून बघितली. सात भोकं, सगळी रानोमाळ. एक वर, एक पार काठाला. असं नेमबाजीत चाललं असेल तर माणूस निराश होणारच. मी ताटली चुरगाळणार होते, तेवढ्यात भोकांकडे नीट लक्ष गेलं.

त्यातली चार भोकं गोल नव्हती. लांबट होती, गोळी आडवी झोपवून कागदावर दाबावी तशी.

मला ते काय आहे ते त्याच क्षणी कळलं, कारण मी हे आधी पाहिलं होतं. नव्वद साली माझी नेहमीची हलकी काडतुसं गावात संपली होती, म्हणून मी त्याच मापाची पण जड गोळीची एक पेटी आणली आणि प्रेअरी डॉग मारायला गेले. एकही लागला नाही. पुठ्ठ्यावर मारून बघितलं तर अशीच आडवी भोकं. वडील तेव्हा होते. त्यांनी पुठ्ठा बघितला आणि मला नळीत डोकवायला लावलं. नळीच्या आत आटे असतात, ते गोळीला पीळ देतात, आणि त्या गिरकीवरच गोळी सरळ जाते. माझी बंदूक जुन्या काळची, सैल पिळाची. हलक्या गोळीला तेवढी गिरकी पुरते. जड, लांब गोळीला नाही पुरत. दोरी कमी गुंडाळलेल्या भोवऱ्यासारखी ती डुलायला लागते, आणि मग आडवी होऊन जाईल तिकडे जाते. नव्या बंदुकांच्या नळ्यांत घट्ट पीळ असतो, त्यांच्यात ती गोळी सुरेख चालते. काडतूस तेच, माप तेच, बसतंही नीट. म्हणून तर माणूस फसतो.

ही माझी फजिती मी ऑर्डेलला कधीच सांगितली नव्हती. कोण सांगेल? कॉफीच्या टेबलावर वर्षभर तेच वाढलं गेलं असतं.

मग सगळं एकेक करून जुळलं. रॅपिड सिटीला तो खांदा दाखवायला गेलाच, पण तिथल्या कुठल्या तरी मोठ्या दुकानात, जिथे त्याला कोणी ओळखत नाही, तिथे शिलाई मशीनसाठी काडतुसं मागितली. आणि मागताना आपला मंत्र म्हटला. वारा आहे, सगळ्यात जड द्या. दुकानदारानं मागितलं ते दिलं. माझा हलक्या काडतुसांचा डबा घरात असताना याला ती नकोत, कारण वाऱ्यात ती चिलटं. मला विचारलं असतं तर एका वाक्यात काम होतं. पण मला विचारायचं म्हणजे बेचाळीस वर्षं गिळायची. आणि ताटलीकडे त्यानं बघितलं असेल ते चष्म्याशिवाय, कारण बाहेर चष्मा लावणं त्याला म्हातारपण वाटतं. जन्मभर एकच बंदूक चालवलेल्या माणसाला आडवं भोक दिसलं तरी वाऱ्यानं कागद फाटला असंच वाटणार.

मी ती ताटली हातात घेऊन धुण्याच्या यंत्रासमोर उभी राहिले. जाकीट आत होतं, झाकण उघडं होतं. ताटली परत खिशात ठेवली असती तर पाच मिनिटांत लगदा झाला असता. मी काही केलं असं कोणी म्हटलं नसतं. मी फक्त धुणं धुतलं असतं. शनिवारी माणूस आला असता, मेंढ्या गेल्या असत्या, आणि मी पुढचा मे महिना ओढ्याकाठी बसले असते. समोर ऑर्डेल बसला असता, आपला डोळा गेला असं समजून. कोणी काडतुसांचं विचारलं तर म्हणाला असता, मला काय विचारता आता.

मला माझाच राग आला, आणि त्याचाही. हे सगळं त्याच्या मूर्खपणामुळे माझ्या गळ्यात पडलं होतं. मी जाकीट तसंच सोडलं आणि गोठ्यात गेले.

तो आई गेलेल्या कोकरांना बाटली पाजत होता. दोन बाटल्या दोन हातांत, डाव्या हातातली उंच, उजव्या हातातली खाली. मी ताटली पुढे धरली.

"कचरा आहे तो," तो म्हणाला. "टाक."

"चष्मा लाव."

"कशाला?"

"लाव म्हणते ना."

त्यानं बाटल्या माझ्याकडे दिल्या, खिशातून चष्मा काढला, बाहीला पुसला, आणि ताटली उजेडाकडे धरली. कोकरं चुटूचुटू पीत होती.

"वाऱ्यानं फाटलीय," तो शेवटी म्हणाला.

"चार ठिकाणी, एकाच मापानं?"

त्यानं चष्मा नाकावर वर सरकवला.

"कोणती घातलीस?"

"सत्त्याहत्तर ग्रेन वजनाची."

"माझ्या बंदुकीत? ऑर्डेल, ती पंचावन्नच्या वर पचवत नाही. सैल पीळ आहे तिचा. गोळी आडवी होतेय तुझी. तुझा डोळा ठणठणीत आहे, अकलेचं मात्र सांगता येत नाही."

त्यानं ताटली जवळ घेतली, लांब धरली, एका लांबट भोकावरून अंगठा फिरवला. "हे तुला कसं ठाऊक?"

"कारण हा गाढवपणा मी नव्वद साली करून बसले आहे."

"मला बोलली नाहीस."

"तू कॉफीवर सगळ्यांना सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं," तो म्हणाला. या माणसाचं हे एक चांगलं आहे.

दुपारी आम्ही दोघं बांधाकडे गेलो. मी माझा डबा घेतला, त्यानं नवी ताटली लावली, पोतं पसरलं, आडवा झाला आणि दस्ता खांद्याला लावला. पाच बार, सावकाश. मग आम्ही चालत गेलो. वर्तुळाच्या आत पाच गोल भोकं होती, सगळी चहाच्या कपाखाली झाकतील एवढ्यात. वारा होता तरी. तो चष्मा लावून बघत राहिला. बोट प्रत्येक भोकावर ठेवलं, पाची बोटं झाली. मग त्यानं चष्मा काढला आणि त्याच हातानं डोळे पुसले. जोलीन झाली तेव्हा मी त्याला रडताना बघितलं होतं, त्यानंतर आत्ताच. मी दुसरीकडे बघितलं नाही. माझाच नवरा आहे, बघायचा हक्क आहे मला.

"शिलाई मशीन," तो म्हणाला.

"पुन्हा म्हणून बघ."

शनिवारी तो पहाटे गेला आणि उजाडल्यावर अर्ध्या तासानं घळीकडून एकच बार ऐकू आला. दुसरा आला नाही. मी अंडी फोडली. तो आला, बंदूक पुसून कपाटात ठेवली आणि न्याहारीला बसला. घळीकडच्या कुरणातून कोकरांच्या आयांचा आवाज येत होता, नेहमीसारखा. "एकशे ऐंशी यार्ड," एवढंच बोलला आणि चार अंडी खाल्ली. पिलांकडे फासेवाल्याला पाठवलं.

दहाला मॉन्टानाचा माणूस आला. ऑर्डेल त्याला फाटकापाशीच भेटला, मग ओट्यावर आणून बसवला. मी कॉफी दिली, रुबार्बच्या आंबट देठांची पेस्ट्री दिली. गोऱ्हे, पाऊस, गवत, सगळं बोलणं झालं. मेंढ्यांचं निघालं तेव्हा ऑर्डेल म्हणाला की, तुमची फेरी फुकट घालवली, माफ करा, बायकोचा विचार बदललाय. माझ्यावर ढकललं त्यानं. मी पेस्ट्रीचा दुसरा तुकडा त्या पाहुण्याच्या बशीत घातला.

जोलीनला फोन मीच केला. ते घर पुढच्याच आठवड्यात एका दातांच्या डॉक्टरनं घेतलं. मला वाईट वाटलं, आणि ते मी कोणापासून लपवलं नाही. दोन दिवस भांडी आपटली, एक बशी फोडली. ऑर्डेलनं तुकडे वेचून टाकले, आणि न सांगता पहाटेची कोकरं एकट्यानं पाजली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही फाटकावर रेलून मेंढ्या आत येताना बघत होतो. कोकरं आयांच्या मागे धडपडत होती. तो म्हणाला, "तू ती ताटली टाकून दिली असतीस तर तुला घर मिळालं असतं."

"माहितेय मला."

"मग?"

"मग रोज सकाळी तुझं ते तोंड बघत कॉफी प्यावी लागली असती. मला नाही जमलं."

शेवटची मेंढी आत गेली तेव्हा त्यानं फाटक ओढलं आणि कडी घातली.

"पुढच्या शरदात विकू," तो म्हणाला. "जोलीनला दुसरं घर बघून ठेवायला सांग. ओढा पाहिजे मागे. आता विकता येतील मला."

हरून विकणं वेगळं आणि राखता येत असताना विकणं वेगळं, हे मला पूर्ण कळलं. मी त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, आधी ही कोकरं मोठी होऊ देत.